पाय किंवा हात गेल्यानंतर: पहिल्या पट्टीपासून रानातल्या कामापर्यंत

मळणी यंत्रात सापडलेला हात, कडबा कुट्टीत गेलेली बोटे, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली चिरडलेला पाय. मराठवाड्यात पुनर्वसनाचे काम करणाऱ्या कोणालाही हे रुग्ण नवे नाहीत. त्यांच्याइतकेच, किंबहुना जास्तच, रुग्ण येतात ते साखरेमुळे, म्हणजे मधुमेहामुळे, पाय काळा पडून तो कापावा लागलेले. शस्त्रक्रिया बहुतेकांची होते. घोळ होतो तो त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. जखम भरली की माणूस घरी जातो, कुबड्या घेतो आणि "आता पाय बसवायचा कधीतरी" म्हणत थांबतो. तोवर गुडघा आखडतो, स्टंप (कापल्यानंतर उरलेला अवयवाचा भाग) सुजून बेढब होतो आणि मग कितीही महाग पाय आणला तरी तो बसत नाही.

दुसरीकडे मोबाईलवर बोटे हलवणाऱ्या बायोनिक हाताचा व्हिडिओ पाहून नातेवाईक विचारतात, "मॅडम, असला किती लाखाला मिळतो?" प्रश्न मनापासूनचा असतो. घरातल्या कर्त्या माणसासाठी जमीन विकायची त्यांची तयारी असते. म्हणूनच लातूर जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. आधी शरीर तयार करायचे, मग कामाला साजेसा अवयव निवडायचा, आणि पैसा शेवटी मोजायचा.

अपघात झाल्या क्षणी

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि तो भाग वर उचलून ठेवा. हळद, माती, चुना, चहापत्ती यांतले काहीही जखमेत भरू नका.

बोट किंवा पंजा पूर्ण तुटला असेल तर तो सोबत न्या. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवला तर त्यातल्या पेशी गोठून मरतात. तुटलेल्या भागात स्नायू असतील तर तो जोडायला साधारण सहा तास मिळतात. थंड ठेवलेल्या बोटाला थोडा जास्त अवधी मिळतो. १०८ ला फोन करतानाच "तुटलेला भाग जोडणारे प्लास्टिक सर्जन कुठे आहेत" हे विचारा, म्हणजे जवळच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा निघण्यात वेळ जाणार नाही. यंत्रात चेंदामेंदा झालेला भाग बहुधा जोडता येत नाही, पण तो निर्णय सर्जनने घ्यावा, आपण शेतात घेऊ नये.

पाय कापण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा

"गुडघा वाचेल का?" हा तो प्रश्न. गुडघ्याखाली कापलेल्या पायावर कृत्रिम पाय लावून चालायला ढोबळमानाने पंचवीस टक्के जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वर कापला तर हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे जाते. तरुण माणूस हा भार पेलतो. हृदयाचा त्रास असलेल्या पासष्टीच्या आजींना तो पेलत नाही आणि त्या खुर्चीवरच बसून राहतात. कधी कधी संसर्ग इतका वर चढलेला असतो की गुडघा वाचवणे जिवावर बेतेल. तेव्हा सर्जनचे ऐका. पण प्रश्न विचारला तर तेही मनापासून समजावून सांगतात, आणि स्टंपची लांबी, हाडाचे टोक गोल करणे, टाके कुठे येणार या गोष्टी पुढच्या पायाचा विचार करून ठरतात.

पहिले दोन महिने

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

कापल्यानंतर स्टंपला सूज येते. ती उतरून स्टंप खाली निमुळता झाला तरच सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप ज्यात बसतो तो पेला, नीट बसते. त्यासाठी क्रेप बँडेज बांधायचे. पायासाठी चार किंवा सहा इंची पट्टी घ्या. ती मराठी चारच्या आकड्यासारखी तिरपी, एकमेकींना छेदत जायला हवी. बांगडीसारखे गोल वेढे घालायचे नाहीत, कारण गोल वेढ्याने मधे करकोचा पडतो आणि खालचा भाग फुगतो. टोकाशी घट्ट, वर जाताना सैल, आणि गुडघ्याखालचा स्टंप असेल तर पट्टी गुडघ्याच्या वरपर्यंत न्यायची. दर तीन-चार तासांनी सोडून, कातडी पाहून पुन्हा बांधायची. रात्रीही ठेवायची. दवाखान्यातून सुटी व्हायच्या आधी घरातल्या दोघांनी नर्सच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या समोर स्वतःच्या हाताने ही पट्टी बांधून दाखवावी. एकच जण शिकला आणि तो कामावर गेला की पट्टी सुटते. रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे पाय कापलेला असेल तर किती घट्ट बांधायचे हे सर्जनलाच विचारा.

दुसरी गोष्ट बसण्या-झोपण्याची. घरचे प्रेमाने स्टंपखाली उशी देतात. रुग्णाला बरे वाटते, पण काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच राहतो. बाजेच्या काठावर स्टंप लोंबकळत ठेवून दिवसभर बसण्याचेही तेच. गुडघ्याखालच्या स्टंपला गुडघा सरळ हवा आणि मांडीच्या स्टंपला खुबा सरळ हवा. त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटे पालथे झोपा. खुर्चीवर बसताना समोर फळी किंवा स्टूल ठेवून स्टंप सरळ ठेवा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासून सुरू होतो. गुडघा ताठ करायचा, पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे. चांगल्या पायाचा आणि दोन्ही दंडांचाही व्यायाम करा. कुबड्यांवरचा भार तेच उचलणार आहेत.

टाके निघाल्यावर आणि जखम कोरडी झाल्यावर स्टंपला हाताने चोळायला सुरुवात करा. आधी मऊ सुती कापडाने, मग टॉवेलने, मग हलक्या थापट्या. सॉकेटमध्ये उभे राहायचे तर कातडीला स्पर्शाची आणि दाबाची सवय लागायला हवी. स्टंप रोज साबणाने धुऊन कोरडा करा. बिब्बा, झाडपाल्याचा लेप, गरम विटेचा शेक, यांतले काहीही नको. बिब्ब्याने भाजलेली कातडी घेऊन रुग्ण येतो तेव्हा सगळे वेळापत्रक मागे जाते, आणि मधुमेही रुग्णात त्यातून जखम चिघळून पाय आणखी वर कापावा लागू शकतो.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी आणखी एक काम, आणि ते माझ्या लेखी सगळ्यात मोठे आहे. उरलेला पाय सांभाळा. आता सगळा भार त्याच्यावर आहे. रोज रात्री तळवा आरशात पाहा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. भेगा, फोड, रुतलेला काटा, बोटांमधली ओल, सगळे तपासा. बधिर पायाला चटका कळत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे तापलेल्या फरशीवर आणि मंदिराच्या आवारात अनवाणी चालल्याने तळव्याला फोड येतात आणि माणसाला दुसऱ्या दिवशी रक्त दिसल्यावर समजते.

नसलेला अंगठा दुखतो तेव्हा

केजकडचे एक काका पट्टी बदलताना खालच्या आवाजात म्हणाले होते, "मॅडम, पाय तर कापलाय, मग अंगठा कसा काय दुखायलाय? घरी सांगितलं तर म्हणतील, डोकं फिरलं." त्यांनी कितीतरी दिवस हे कोणाला सांगितले नव्हते. अवयव कापलेल्या बहुतेकांना नसलेल्या भागात मुंग्या, आग किंवा कळ जाणवते. मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत असते आणि कापलेल्या नसा तिकडे संदेश पाठवत राहतात. यात वेडेपणा नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही.

यावर साधे उपाय आहेत. पट्टी नीट बांधल्याने आणि स्टंप चोळल्याने बऱ्याच जणांचे दुखणे कमी होते. नसांच्या दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर देतात. आणि आरसा: दोन पायांच्या मधे उभा आरसा असा ठेवायचा की चांगल्या पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग चांगला पाय हळूहळू हलवायचा, मूठ वळल्यासारखी बोटे मिटायची, उघडायची, नजर आरशातल्या पायावर. व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूतज्ज्ञाने १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. कपाटाचा आरसाही चालतो. रोज दहा-पंधरा मिनिटे, काही आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण खर्च काही नसल्याने मी प्रत्येकाला करून पाहायला सांगते.

जखम भरेपर्यंत कागद तयार करा

स्टंप तयार व्हायला दीड-दोन महिने जातातच. त्या काळात घरातल्या एकाने कागदांच्या मागे लागावे.

शेतकरी कुटुंबासाठी घाई असलेला कागद म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज. अपघातात एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख आणि दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये मिळतात. सातबारा नावावर असलेला शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य यात येतो. अर्ज अपघातानंतर तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो, आणि नेमके ते तीस दिवस दवाखान्यात जातात. म्हणून हे काम रुग्णाच्या सुटीची वाट न पाहता करा. पोलीस पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात, तेव्हा अपघाताची नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या. आजाराने पाय गेला असेल तर ही योजना लागू नाही.

बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापले जातात का तेही पाहा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना असते आणि अपघातात एक हात किंवा पाय गेल्यास तिच्यातून एक लाख मिळतात. खूप जणांना आपण विमा काढलेला आहे हेच माहीत नसते. पासबुक घेऊन बँकेत विचारा.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, सगळ्यांनाच लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्याकडच्या छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचे. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, फोटो, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे सोबत ठेवा. चाळीस टक्क्यांपासून पुढे योजनांचा लाभ सुरू होतो आणि पाय कापलेला माणूस त्यात सहज बसतो. या कार्डावर एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी या गोष्टी उघडतात. त्या पाच टक्क्यांबद्दल ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, तोंडी विचारून भागत नाही.

कृत्रिम पाय मोफत किंवा कमी खर्चात मिळण्याचे मुख्य मार्ग तीन. केंद्र सरकारच्या एडिप योजनेची शिबिरे, ज्यांत कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचे साहित्य मिळते. इथे दोन तारखा असतात, आधी मोजमाप आणि काही महिन्यांनी वाटप, तेव्हा मोजमापाची पावती जपून ठेवा. एकदा साहित्य घेतले की त्याच कामासाठी पुन्हा तीन वर्षे मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र दर वर्षी घेता येते, कारण मूल वाढते आणि सॉकेट आखूड पडते. दुसरा मार्ग जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचा. १९७५ पासून ही संस्था जयपूर फूट मोफत बसवून देते. तिसरा, मोठी सरकारी केंद्रे: मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, आणि पुण्यातले लष्कराचे आर्टिफिशियल लिंब सेंटर, जे १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झाले आणि पैसे भरून सामान्य नागरिकांनाही पाय करून देते.

कोणता पाय घ्यायचा

किमतीचा विचार बाजूला ठेवून आधी एका कागदावर रुग्णाचा दिवस लिहून काढा. किती वेळ रानात, किती वेळ दुकानात? चिखल तुडवावा लागतो का? जेवायला खाली बसतो की खुर्चीवर? संडास देशी की कमोडचा? एसटीची उंच पायरी चढावी लागते का? हा कागद पाय बनवणाऱ्या प्रोस्थेटिस्टच्या हातात द्या. त्याच्या हातातल्या कॅटलॉगपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय टाकला की चिखल टाचेला धरून ठेवतो. अशा ठिकाणी मला आजही जयपूर फूट सरस वाटतो. डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये तो घडवला. तोवरचे परदेशी बनावटीचे पाय बुटात घालायचे होते. त्यांचा घोटा ताठ, उकिडवे बसता येत नसे, बूट काढला तर पाऊल लवकर झिजे. सेठी-शर्मांनी रबराचे, खऱ्या पावलासारखे दिसणारे आणि सगळ्या बाजूंनी थोडे वळणारे पाऊल केले. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, पाण्यात उतरता येते. या कामासाठी डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुडघ्याखालचा पाय गेलेला शेतकरी हा पाय लावून पाणी धरतो, बैलामागे चालतो, सायकल चालवतो. साधारण दोन-तीन वर्षांत तो बदलावा लागतो.

कार्बन फायबरचे पाऊल वजनाला हलके असते आणि टाच टेकताना साठवलेली ताकद पुढे ढकलताना परत देते. शिक्षक, सेल्समन, रोज डांबरी रस्त्यावर खूप चालणारा तरुण यांना त्याचा फरक जाणवतो. पण ते बुटातच वापरायचे असते आणि वरच्या कवचात माती-खडे गेले की करकरायला लागते.

गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल तर सगळे लक्ष गुडघ्याच्या सांध्याकडे द्यावे लागते. म्हाताऱ्या माणसाला चालताना ताठ राहणारा आणि बसताना खटका ओढून वाकणारा लॉकचा गुडघा सुरक्षित वाटतो. काम करणाऱ्याला चार दांड्यांच्या रचनेचा पॉलिसेंट्रिक गुडघा चांगला, कारण भार आला की तो अचानक दुमडत नाही आणि पाऊल उचलताना जमिनीला अडखळतही नाही. खाली मांडी घालून जेवायची सवय असेल तर गुडघ्याच्या वर टर्न टेबल नावाचा फिरणारा जोड बसवून मिळतो. तो मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही, म्हणून नाव लक्षात ठेवा.

मायक्रोप्रोसेसर गुडघा, ज्याला लोक बायोनिक पाय म्हणतात, त्यात सेन्सर असतात. गुडघा किती वाकला आहे, पावलावर किती भार आहे, हे ते एका सेकंदात अनेक वेळा मोजतात आणि आतल्या हायड्रॉलिकचा अवरोध त्यानुसार कमी-जास्त होतो. ठेच लागली की गुडघा स्वतःच घट्ट होतो आणि माणूस पडता पडता सावरतो. जिना एकापुढे एक पाय टाकून उतरता येतो. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग १९९७ मध्ये आला, तेव्हापासून हे तंत्र सुधारत गेले आहे. किंमत लाखांच्या घरात. ते काम उत्तम करते यात शंका नाही. पण घेण्याआधी चार गोष्टी विचारा: रोज चार्ज करावा लागेल, तर गावात वीज किती वेळ असते? पाण्यात आणि धुळीत चालतो का, हे हमीपत्रात लिहिले आहे का? सर्व्हिसिंगला कुठे पाठवणार आणि तोवर बदली गुडघा मिळणार का? हमी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च किती? या चारांची उत्तरे लेखी मिळाली, आणि रुग्ण आधीच साध्या पायावर चांगला चालत असेल, तर जरूर घ्या. शेत विकून पहिलाच पाय म्हणून घेऊ नका. पहिल्या वर्षात स्टंप आटतो आणि सॉकेट बदलावेच लागते.

सॉकेट: पायाचा खरा आत्मा

स्टंप ज्यात बसतो तो पेला म्हणजे सॉकेट. पाय पाचशेचा असो की पाच लाखांचा, सॉकेट चुकले तर तो खुंटीला टांगला जातो. म्हणून मोजमापाच्या दिवशी घाई करू नका.

त्या खोलीत काय होते ते पाहून ठेवण्यासारखे आहे. स्टंपवर पातळ मोजा चढवतात आणि ओल्या कापडावर उमटणाऱ्या जांभळ्या पेन्सिलीने खुणा करतात: गुडघ्याची वाटी, तिच्याखालचा जाड स्नायुबंध, नडगीची धार, बाहेरच्या बाजूचा बारीक हाडाचा उंचवटा, स्टंपचे टोक. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. प्लास्टर घट्ट होत असताना तंत्रज्ञ दोन्ही अंगठे वाटीच्या खाली रोवून धरतो. तो स्नायुबंध भार सोसू शकतो, म्हणून तिथे मुद्दाम दाब घ्यायचा असतो. बाहेरचा उंचवटा आणि हाडाचे टोक भार सोसत नाहीत, तिथे जागा सोडायची असते. साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती होते, ती कानशीने घासून, कुठे भर घालून सुधारतात आणि तिच्यावर तापवलेले प्लास्टिक ओढतात. जांभळ्या खुणा त्या प्रतिकृतीवर उमटलेल्या असतात. सगळे कौशल्य त्या खुणांचे आणि अंगठ्यांचे. त्यामुळे मोजमापाच्या वेळी कुठे दुखते, कुठे गाठ आहे, ते न लाजता सांगा.

पाय जोडून पाहायच्या दिवशी रोजची चप्पल किंवा बूट घेऊन जा. टाचेची उंची बदलली की पायाचा सगळा तोल बदलतो. अर्धा तास चालून सॉकेट काढा आणि कातडी पाहा. स्नायुबंधावर फिकट लाली आली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. हाडाच्या उंचवट्यावर लाल चट्टा वीस मिनिटांनंतरही तसाच असेल तर पाय घरी नेऊ नका, सॉकेट तिथेच दुरुस्त करून घ्या. "हळूहळू सवय होईल" हे वाक्य दाबाच्या जखमेला लागू होत नाही. पुन्हा पुन्हा यावे लागले तरी या. यात तंत्रज्ञाला त्रास देतोय असे कोणी वाटून घेऊ नये, हे त्याच्या कामातच धरलेले असते.

चालायला शिकणे

पहिल्या दिवशी अर्धा तास, मग कातडी पाहायची. काही लाल नसेल तर रोज थोडे वाढवायचे. दोन समांतर दांड्यांमध्ये आधी नुसते उभे राहून वजन या पायावरून त्या पायावर न्यायचे. भीतीने सगळे वजन चांगल्या पायावर राहते. त्यासाठी घरातला वजनकाटा नव्या पायाखाली ठेवा, आकडा डोळ्यांना दिसला की धीर येतो. घरी दांड्या नसतील तर अंगणात दोन बांबू कमरेच्या उंचीला बांधा, तेवढे पुरते.

पाय बाहेरून फिरवून टाकायची किंवा चांगल्या पायाच्या चवड्यावर उचलून चालायची सवय पहिल्या महिन्यातच लागते आणि नंतर मोडत नाही. पाय लांब झाला आहे का, सॉकेट सैल आहे का, हे तपासून घ्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. एसटीत चढतानाही हेच. पडल्यावर जमिनीवरून उठायचे कसे हे फिजिओथेरपिस्टकडून मुद्दाम शिकून घ्या, कारण रानात कधी ना कधी पडणे होणारच.

दुपारनंतर स्टंप आटतो आणि सॉकेटमध्ये खाली सरकतो. टोकाला दुखायला लागले तर स्टंपवर घालायचा एक मोजा वाढवा. सकाळी पाय चढतच नसेल तर एक कमी करा. खिशात जादा मोजा ठेवण्याची सवय लावा.

हात गेला असेल तर

हाताचे गणित वेगळे. पायाला उभे राहणे आणि चालणे एवढेच काम, हाताला शेकडो कामे, आणि स्पर्श तर कोणताच कृत्रिम हात पूर्ण देत नाही. म्हणून एक हात गेलेल्या कितीतरी जणांनी महागडा हात घेऊन कपाटात ठेवलेला असतो.

शेतकामाला मी खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने चालणारा हुक सुचवते. खांदा पुढे ढकलला की हुक उघडतो. दिसायला तो हातासारखा नसतो, पण खुरपे, बादली, दोर धरतो, चिखलात धुता येतो आणि गावातला कारागीरही तार बदलू शकतो. कोपराखाली हात गेलेल्यांना रोटरी क्लबांच्या शिबिरांत एलएन-४ नावाचा साधा प्लास्टिकचा हात मोफत मिळतो. लिहिणे, सायकल धरणे, चमचा धरणे त्याने जमते.

मायोइलेक्ट्रिक हातात, ज्याला लोक बायोनिक हात म्हणतात, सॉकेटच्या आत इलेक्ट्रोड असतात. कोपराखालचे स्नायू आवळले की कातडीवर उमटणारी बारीकशी विद्युत चाहूल ते पकडतात. एका स्नायूने मूठ मिटते, दुसऱ्याने उघडते. प्रत्येक बोट वेगळे हलवणारा आय-लिंब २००७ मध्ये बाजारात आला. असा हात घ्यायचा असेल तर आधी स्टंपच्या स्नायूंची चाचणी करून घ्या, इलेक्ट्रोड लावून पडद्यावर लाट उठते की नाही ते दिसते. मनगट गमावल्यापासून ते स्नायू वापरात नसतात, तेव्हा नसलेली मूठ मिटण्या-उघडण्याचा सराव रोज करा. कार्यालयात, दुकानात, संगणकावर काम करणाऱ्याला हा हात उपयोगी पडतो. आपल्या उन्हाळ्यातल्या घामाने इलेक्ट्रोड चुकीचे संकेत पकडतात, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत.

दुसऱ्याचा हात जोडण्याबद्दलही विचारणा होते. पहिले यशस्वी हात प्रत्यारोपण १९९८ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात झाले. त्या रुग्णाने पुढे औषधे नीट घेतली नाहीत, शरीराने हात नाकारला आणि २००१ मध्ये तो काढावा लागला. भारतात जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात पहिल्यांदा दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. मेंदू मृत झालेल्या दात्याच्या कुटुंबाची संमती, रक्तगट, कातडीचा रंग, हाताचा आकार, इतके सगळे जुळावे लागते. जोडल्यावर नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे बोटांच्या टोकाशी संवेदना यायला वर्षभर किंवा जास्त लागते, आणि तोवर रोज फिजिओथेरपी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर. त्यांनी संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास वाढू शकतो. किडनीचे प्रत्यारोपण जीव वाचवते म्हणून तिथे हा धोका पत्करतात. एक हात शाबूत असलेल्या माणसाने तो पत्करावा असे मला वाटत नाही. दोन्ही हात गेलेल्या, तब्येतीने धडधाकट, औषधे न चुकवणाऱ्या माणसाने जरूर चौकशी करावी. परवाना असलेल्या रुग्णालयातच नोंदणी होते. मराठवाड्यातल्या अवयवदानाचे समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, अवयवदानाबाबतची माहिती तिथे मिळते. पायाचे प्रत्यारोपण जवळपास होतच नाही, कारण कृत्रिम पाय त्याहून चांगले आणि सुरक्षित काम देतो.

हाडात टायटॅनियमची दांडी बसवून तिला थेट अवयव जोडण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९९० पासून विकसित झाली. सॉकेटचा त्रास त्यात नाही. पण दांडी जिथून कातडीबाहेर येते तिथे संसर्गाचा धोका कायम राहतो. गोठ्यात आणि शेणामातीत रोज काम असलेल्याला मी ती सुचवणार नाही.

रोजची निगा

रात्री पाय काढला की सॉकेट ओल्या कापडाने साबण लावून पुसा आणि कोरडे करा. सिलिकॉनचे लायनर (स्टंपवर चढवायचे अस्तर) असेल तर उलटे करून धुवा, सावलीत वाळवा. उन्हात ते चिरते. मोजे रोज बदला. एप्रिल-मे मध्ये दुपारी एकदा पाय काढून घाम पुसा, नाहीतर पुरळ उठते. फोड किंवा जखम झाली तर ती भरेपर्यंत पाय घालू नका, कुबड्या वापरा. कुबड्या म्हणूनच कोणाला देऊन टाकायच्या नसतात.

पहिल्या वर्षात तीन-तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा पाय तपासून घ्या. वजन पाच किलोने वाढले किंवा घटले, चालताना नवा आवाज यायला लागला, तीन-चार मोजे घालूनही सॉकेट सैल वाटले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. येताना जुना पायही घेऊन या. त्याच्या पावलाची झीज पाहून तुम्ही कसे चालता हे प्रोस्थेटिस्टला लगेच कळते, आणि पुढचा पाय त्याच्यावरून ठरवता येतो.